किती जण असले तर सामना होतो?

श्रावणातली संध्याकाळ. दुपारी एक चांगली सर येऊन गेलेली, त्यामुळे शाळेमागचं मैदान पाय सोडायला तयार नव्हतं. काळ्या मातीचं असंच असतं. उन्हाळ्यात घोटा मुरगळेल अशा भेगा, आणि पावसात प्रत्येक पावलाला पाव किलो माती. पोरं चपला काढून, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून खेळत होती. आमचा गोलकीपर आठवीतला, उंचीने बेताचा, पण आवाज असा की पलीकडच्या वस्तीवर ऐकू जावा. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला तेव्हा तो माझ्याकडे वळला आणि म्हणाला, "मॅडम, म्याचला माणसं किती लागतेत?" मी म्हटलं, अकरा. "तसं नाय. कमीत कमी?" मला माहीत नव्हतं, म्हणून सरांना विचारलं. ते म्हणाले, सात. सातपेक्षा एक जरी कमी असला तर पंच सामना सुरूच करत नाहीत. गोलकीपरने मान डोलावली आणि बोटांवर काहीतरी मोजायला लागला. तो काय मोजतोय हे मला तेव्हा कळलं नाही. घरी जाताना सरांनी सांगितलं. दसऱ्यानंतर गाव ऊसतोडीला गेलं की मागे कोण कोण उरणार, ते तो मोजत होता.

तेरा वर्षांचं पोर.

मी बीडला नोकरी करते. हे गाव बालाघाटाच्या डोंगरात, माझ्या आजोळापासून जवळ. इथले सर माझे मावसभाऊ. घरी मी त्यांना दादा म्हणते, मैदानावर सर. शनिवारी जमेल तेव्हा जाते, आणि माझं काम म्हणाल तर पाणी, हळद, चिकटपट्टी, हिशेबाची वही आणि मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या आयांशी बोलणं. फुटबॉल मला खेळता येत नाही. पण त्या मैदानाचा वास आता माझ्या ओळखीचा झाला आहे. ओली माती, निंबाचा पाला, शेजारच्या गोठ्यातलं शेण, आणि नव्या फक्कीची नाकाला झोंबणारी पांढरी धूळ. खेळ सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एका ओळीत उभं राहायचं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खाली बघत चालायचं, सराटे वेचत. हा दादांचा नियम. सराटा पायाला लागला तर पोरगं थुंकी लावून पुन्हा पळतं, चेंडूला लागला तर त्या आठवड्याचा खेळ संपतो.

या गावात फुटबॉल कुठून आला, असं मला बरेच जण विचारतात. आमच्याकडे कुस्ती, कबड्डी, व्हॉलीबॉल. खो-खोचं तर विचारूच नका, शेजारच्या धाराशिवच्या सारिका काळेला 2020 मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉल मात्र सरकारी टेम्पोतून आला. 2017 साली 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात भरायचा होता, म्हणून 15 सप्टेंबरला राज्यभर एकाच दिवशी फुटबॉल खेळायचं ठरलं आणि शाळाशाळांना चेंडू वाटले गेले. दोनच दिवसांवर मुक्तिसंग्राम दिन, झेंड्याची तयारी चाललेली, त्यात हे चेंडू येऊन पडले. त्या दिवशी पोरं खेळली, फोटो निघाले, आणि चेंडू कपाटात गेले. दादा बदली होऊन या शाळेत आले तेव्हा त्यांना ते तिथेच मिळाले, नकाशे आणि वजनमापांच्या खोक्यामागे, हवा गेलेले, पण अंगाने धड. पंपाची पिन नव्हती. सायकल दुकानवाल्याने काहीतरी जुगाड करून हवा भरून दिली, आणि पैसे घेतले नाहीत.

क्रिकेट का नाही, यावर दादांचं एक ठाम मत आहे आणि मला ते पटतं. क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग. ज्याच्या घरी बॅट नाही तो दिवसभर उन्हात फिल्डिंग करतो, चेंडू आणून देतो आणि संध्याकाळी घरी जातो. फुटबॉलमध्ये एक चेंडू वीस जणांना पुरतो आणि तो कुणाच्याच मालकीचा नसतो. तांड्यावरचं पोर, गावातलं पोर, सरपंचाचा नातू, सगळ्यांना तो सारखाच पळवतो. पहिल्या काही महिन्यांत गावातल्या दोन-तीन घरांना हे रुचलं नव्हतं. आमच्या पोराला त्यांनी लाथ मारली, अशी तक्रार घेऊन एक गृहस्थ शाळेत आले होते. दादांनी त्यांना निंबाखाली बसवून अर्धा तास खेळ बघायला लावला. त्यांच्या पोराने तेवढ्या वेळात तिघांना पाडलं. गृहस्थ काही न बोलता उठून गेले, आणि पोरगं खेळायला येत राहिलं.

खरी अडचण जातीची, पैशाची, बुटांची, या सगळ्यांच्या पलीकडची आहे, आणि ती कॅलेंडरमध्ये आहे. शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात. जिल्हा, मग विभाग, मग राज्य, असं चढत जाताना दिवाळी येते. आणि आमच्याकडे दसरा झाला की गाव उठायला लागतं. मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या ठेकेदाराचा, निरोप येतो, रात्री ट्रॅक्टर किंवा ट्रक चावडीपाशी उभा राहतो, त्यात पीठ, भांडी, शेळ्या, कोंबड्या, पोरं चढतात आणि सकाळी त्या घराला कुलूप असतं. सांगली, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, थेट कर्नाटकापर्यंत. साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलात, माणसं परत येतात. सहा महिने. सातवीतलं पोर त्या सहा महिन्यांत कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतं, उसाच्या फडात वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, गोळा करतं, धाकट्या भावंडाला सांभाळतं, पाण्याच्या घागरी भरतं. परत आलं की त्याला वर्गात बसायची लाज वाटते, कारण बाकीचे पुढे गेलेले असतात. मैदानावर यायची लाज वाटत नाही, हे मी दर उन्हाळ्यात पाहते. आल्या आल्या पोरं आधी मैदानावर येतात, आणि शाळेचं दार त्यांच्यासाठी मागच्या बाजूने उघडतं.

मागच्या वर्षी पावसाने स्पर्धा लांबल्या आणि आमचा सामना दसऱ्यानंतर आला. अकरातले तिघे निघून गेले होते, राखीवमधलेही गेले होते. आठ जण घेऊन आम्ही एसटीने जिल्ह्याच्या ठिकाणी गेलो. समोर एका मोठ्या शाळेचा संघ, सगळ्यांच्या पायात स्टड, नळ्यांना गार्ड. आमच्या पोरांनी मोज्यात पुठ्ठे घातले होते. पहिल्या दहा मिनिटांत तीन गोल झाले. तेव्हा समोरच्या प्रशिक्षकांनी, अतिशय भल्या मनाने, आपले तीन खेळाडू बाहेर बोलावले, म्हणजे आठास आठ होतील. मला भरून आलं. पण आमचा कप्तान पंचांकडे गेला आणि म्हणाला, "सर, त्यांना अकरा खेळा म्हणा. आमचे आमी कमी हाव, त्यात त्यांचं काय चुकलं?" ते तिघे परत आत आले. आम्ही सहा गोलांनी हरलो. परतीच्या गाडीत पोरं आपसात भांडत होती, पण गोल कुणामुळे झाला यावरून. तिघे असते तर काय झालं असतं, हे कुणीच बोललं नाही. मला त्या न बोलण्याचा राग आला. मुलांवर नाही. ही गोष्ट इतकी सवयीची होऊन गेली आहे, याचा.

बाहेरून मदत येते, आणि मनापासून येते. पुण्याच्या एका मित्रमंडळाने जर्सी दिल्या, पाठीवर नंबर, छातीवर गावाचं नाव. पोरं आठवडाभर त्या अंगातून काढायला तयार नव्हती. त्यातल्या काही जर्सी नंतर ट्रकमधून कारखान्याला गेल्या. मला देणाऱ्यांविषयी कृतज्ञताच आहे, पण इतक्या दिवसांनी एक गोष्ट स्पष्ट दिसते. मदत करणाऱ्याला मुलाच्या अंगावर दिसेल असं काहीतरी द्यायचं असतं. आणि आमच्या मुलांना लागतं ते न दिसणारं. संध्याकाळचं जेवण. आईबाप ऊसतोडीला गेलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह असतं, त्यात शाळेत जेवण मिळतं, झोपायला मात्र पोरं आजीकडे नाहीतर चुलत्याकडे. म्हणजे आजी धडधाकट हवी. तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या की पोरगं ट्रकमध्ये चढतं, इतकं ते सरळ आहे. आजीच्या गोळ्या, चुलतीला दोन पायल्या ज्वारी, आईशी व्हिडिओवर बोलायला फोनचं रिचार्ज, अंधार पडल्यावर पोरांना वस्तीपर्यंत सोडायला दादांच्या गाडीचं पेट्रोल. याच्या पावत्यांवर कुणाचा फोटो छापता येत नाही. पण फुटबॉल संघ चालतो तो याच्यावर.

नागपूरला हिस्लॉप कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून स्लम सॉकर उभं राहिलं. तिथली मुलं बेघरांच्या विश्वचषकात देशाकडून खेळली. त्या स्पर्धेत एका बाजूला मैदानात चारच जण असतात. झारखंडमध्ये युवा नावाच्या संस्थेने 2009 पासून खेड्यातल्या मुलींना फुटबॉलच्या आधाराने शाळेत टिकवलं, आणि 2013 मध्ये त्यांचा एक संघ स्पेनमध्ये जाऊन तिसरा आला. हे सगळं वाचून माझा जीव मोठा होतो. पण मनात एक विचार राहून राहून येतो. वस्ती गरीब असली तरी जागेवर असते. संध्याकाळी पाचला शिटी वाजवली तर पोरं येतात, सोमवारीही आणि मार्चमध्येही. आमच्याकडे शिटी वाजवणारा आहे, चेंडू आहे, मैदान आहे, आणि गावच सहा महिने दुसरीकडे आहे. त्यामुळे दुसऱ्यांची पद्धत जशीच्या तशी उचलून इथे चालत नाही. इथे फुटबॉलचं काम मैदानाच्या आधी उंबऱ्यावर करावं लागतं.

त्या उंबऱ्यावर मला जे ऐकावं लागलं ते सोपं नव्हतं. आमच्या कप्तानाची आई भाकरी थापत होती. मी म्हटलं, यंदा त्याला ठेवून जा, त्याचा खेळ चांगला आहे, नववीचं वर्ष आहे. ती चुलीकडे बघतच म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता लेकराचं भलं. पर सहा महिने मला त्याचं तोंड दिसत नाय. रातच्याला कोपीत पडल्यावर वाटतं, त्यानं खाल्लं आसंल का." मी गप्प बसले. आपण मदत म्हणतो त्या गोष्टीची किंमत एक आई मोजत असते, आणि ती आपल्या कुठल्याच हिशेबाच्या वहीत येत नाही. तरीही मला वाटतं की पोरांनी थांबावं. ऊस तोडणं हे तेरा-चौदा वर्षांच्या पोराचं काम नाही, याबद्दल माझ्या मनात तिळभर शंका नाही. पण थांबवताना त्या बाईच्या बाजूला बसूनच थांबवलं पाहिजे. तिच्या अज्ञानावर दोन शब्द बोलून पोर काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आणि गेलेली पोरं हरवतात असंही नाही. आमचा एक डावखुरा पोरगा दोन हंगाम कोल्हापूरकडे होता. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. शाहू स्टेडियम, पेठापेठांचे संघ, 2017 च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधवही तिथलाच. फडाजवळच्या वाडीतली पोरं संध्याकाळी खेळायची. हा जर्सी घालून बांधावर जाऊन उभा राहायचा. "ऊसतोड्याचा म्हणायचे मला. पर खेळायला घ्यायचे," त्याने सांगितलं. परत आला तो छातीवर चेंडू घेऊन पायात अलगद पाडायला शिकून. दादांना ते शिकवता आलं नसतं. त्याने ते सगळ्यांना शिकवलं, निंबाखाली, एकेकाला उभं करून. मला आनंदही झाला आणि बांधावर उभं राहिलेलं ते पोर डोळ्यांसमोरून हलेना.

स्पर्धेचे अर्ज भरताना आणखी एक गोष्ट समोर येते. निम्म्या संघाची जन्मतारीख 1 जून. मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही, आपल्या प्रत्येकाच्या घरात 1 जूनचं कुणीतरी आहे. पण आमच्याकडे याचं एक कारण फडात आहे. पोर ऊसतोडीच्या हंगामात जन्मलं, कुठल्या तालुक्यात, कुठल्या गावाच्या हद्दीत, नोंद झाली की नाही, आईला एवढंच आठवतं की थंडी होती. शाळेत घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलं. एकदा ओळखपत्रं तपासणाऱ्या माणसाने विचारलं, हे सगळे एकाच दिवशी जन्मले की काय? दादा शांतपणे म्हणाले, "होय, शाळेत आले त्या दिवशी." त्या माणसाने वर पाहिलं, आणि शिक्का मारला.

मुलींचं वेगळं सांगायला हवं, कारण त्यांच्यासाठी थांबणं आणि जाणं दोन्ही धोक्याचं आहे. सोबत न्यावी तर उघड्यावरची कोपी, मागे ठेवावी तर घरात मोठं माणूस नाही. मग आईबाप तिसरा मार्ग काढतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या आकड्यांत बीड जिल्ह्यात 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आहे. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, त्यावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मिळते, म्हणून पोराचंही लग्न लवकर. हा आकडा मी कागदावर वाचला तेव्हा आमच्या नववीतल्या बचावपटूचा चेहरा आठवला. भावाची फुल पँट कमरेला नाडी बांधून खेळते, आणि चेंडू तिच्या बाजूने सहसा पुढे जात नाही. दिवाळीत तिला बघायला पाहुणे यायचे होते. तिच्या आजीने, जिला मैदानावर काय चालतं हे धड माहीतही नाही, परस्पर निरोप धाडला, "पोरीची म्याच हाय, ती घरी नाय." त्या दिवशी शेजारच्या गावाशी साधा सराव सामना होता. म्हातारीने तो पंचक्रोशीत असा सांगितला की जणू दिल्लीला चालली आहे. पाहुणे आले नाहीत. पुढल्या दिवाळीचं काय, ते मला माहीत नाही. पण ती आता दहावीत आहे, आणि एक वर्ष म्हणजे काय हे ज्यांना कळतं त्यांना कळेल.

बाहेरचं कुणी आलं की एक प्रश्न हमखास येतो, यातून कोणी मोठा खेळाडू होईल का? आमच्याच जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे वीटभट्टीवर राबणाऱ्या आईबापाचा मुलगा, 2022 मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचं रौप्यपदक घेऊन आला. त्याचं नाव आमच्या पोरांच्या तोंडी आहे आणि असावंच. पण त्याच्याकडे बोट दाखवून जेव्हा कुणी म्हणतं की शंभरातून असा एक निघाला तरी पुरे, तेव्हा मला उरलेल्या नव्व्याण्णवांची काळजी वाटते. आमचा गोलकीपर खरं सांगायचं तर बेताचाच आहे. वरचे चेंडू त्याला सापडत नाहीत. त्याच्यापेक्षा चांगला गोलकीपर गावात होता, तो गेल्या वर्षी ट्रकने गेला आणि यंदाही जाणार. दादांपुढे पेच होता, सरावात कुणाला उभं करायचं? जो चांगला आहे त्याला, की जो असणार आहे त्याला? दादांनी दोघांनाही अर्धा अर्धा वेळ दिला. मला विचाराल तर मी बेताच्याला उभं केलं असतं. तो स्वतःचे गोल मोजत नाही, गावात उरलेली माणसं मोजतो.

त्याच्या त्या प्रश्नाने आमच्या कामाची वेळ बदलली. आजवर आम्ही दसऱ्याच्या आसपास घरोघर जायचो, आणि तोवर सगळं ठरून गेलेलं असायचं. उचल पावसाळ्यातच घेतली जाते. पेरणी, दवाखाना, लग्नाचं देणं, त्यात ती संपतेही, आणि एकदा पैसे अंगावर आले की घरातलं प्रत्येक माणूस हिशेबात धरलं जातं. म्हणजे पोराचा हिवाळा श्रावणाच्या आधीच विकला गेलेला असतो. म्हणून यंदा त्याच आठवड्यात आम्ही निघालो. पुढच्या वर्षी शाळा उघडेल त्याच दिवशी पालकांना बोलवायचं ठरलं आहे, आणि आईबापाबरोबर आजीलाही, कारण थांबण्याचं ओझं तिच्यावर पडणार. दादा संघाची यादी लिहितात तेव्हा खेळाडूसमोर तो कुठल्या जागेवर खेळतो हे लिहितात. यंदा त्याच्या पुढे आणखी एक रकाना आहे, तो रात्री कुणाकडे झोपणार.

आज यादीत नऊ नावं आहेत ज्यांचा तो रकाना भरला आहे. कप्तानाचं नाव त्यात आहे. त्याची आई म्हणाली ठेवते, पण दर रविवारी फोनवर तोंड दाखवायचं, आणि ते मी कबूल केलं आहे. डावखुऱ्याचं नाव नाही, त्याच्या घरी आजी नाही. अजून तीन घरांत जायचं राहिलं आहे. त्यातल्या एका घराने उचल आधीच घेतली आहे, पोराला धरून. तिथे शनिवारी मी आणि दादा दोघंही जाणार आहोत. मुकादमालाही बोलावलं आहे. तो याच गावचा, आणि त्याचा धाकटा मुलगा आमच्याकडे राइट विंगला खेळतो.